शक्तिमान् मोटरसायकल : नवी घ्यावी कीं वापरलेली ?

घोड्याच्या बाजारांत जाणारा जाणता माणूस दांत पाही, खूर पाही, चार पावलें चालवून पाही आणि मगच किंमतीची गोष्ट काढी. परंतु घोडा स्वारीसाठीं हवा कीं टांग्यासाठीं, आणि स्वारीसाठीं हवा तर स्वार किती पक्का आहे, हें त्यानें घरून निघण्यापूर्वींच ठरविलेलें असे. मोठ्या शक्तीची मोटरसायकल घेणाऱ्याची रीत आज बहुधा याच्या उलट दिसते. गाडी आधीं मनांत भरते, मग हप्त्यांचा हिशेब होतो, आणि ती चालविण्याचा विचार गाडी दारांत आल्यावर सुरू होतो.

नवी कीं वापरलेली, हा प्रश्न वरवर पाहतां पैशाचा आहे. नवीला पैसे अधिक, वापरलेलीला कमी. एवढाच हिशेब असता तर त्यावर फार बोलण्याचें कारण नव्हतें. परंतु वापरलेल्या गाडीची किंमत उगाच उतरलेली नसते. नव्या गाडीबरोबर कारखानदार तिच्या स्थितीची हमी देतो. वापरलेल्या गाडींत ती हमी घेणाऱ्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं, हातांनीं आणि कागदपत्रांच्या छाननीनें उभी करावयाची असते. ज्याला ती उभी करतां येईल त्याला वापरलेली गाडी लाभाची; ज्याला येणार नाहीं त्यानें जाणकार मेकॅनिक गांठावा, नाहींतर नवीच घ्यावी. शिवाय गाडी कारखान्यांतून आलेली असो कीं दुसऱ्याच्या दारांतून, ती चालविणाऱ्याला पहिले कांहीं महिने नवीच असते. त्या महिन्यांत काय घडूं शकतें याचाही विचार खरेदीच्या दिवशींच झाला पाहिजे.

प्रथम ‘शक्तिमान्’ या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. मद्रासमध्यें १९५५ सालीं साडेतीनशें सी. सी. ची एन्फील्ड बुलेट जुळविण्याचें काम सुरू झालें, आणि पुढें बरींच वर्षें ‘मोठी गाडी’ म्हणजे बुलेट असें समीकरण होऊन बसलें. १९८३ सालीं यामाहाच्या तंत्रानें बनलेली राजदूत ३५० बाजारांत आली. दोन सिलिंडरांचें तिचें इंजिन सुमारें तीस अश्वशक्ति देई; त्या काळच्या भारतीय रस्त्यांवर ही शक्ति विलक्षण होती. मात्र पुढच्या चाकाला साधा ड्रम-ब्रेक होता. वेग घेण्याची ताकद एका मापाची आणि वेग आवरण्याची दुसऱ्या मापाची, असा तो जोड होता. वापरलेली शक्तिमान् गाडी पाहावयास जाणाऱ्यानें हें उदाहरण मनांत ठेवण्यासारखें आहे, कारण शक्तीचा आकडा जाहिरातींत पहिल्या ओळींत येतो आणि ब्रेकची हकीकत बहुधा शेवटच्या ओळींत.

यानंतरचा मोठा बदल नोव्हेंबर २०१८ मध्यें झाला. रॉयल एन्फील्डनें ६४८ सी. सी. ची, दोन सिलिंडरांची इंटरसेप्टर गाडी अडीच लाखांच्या आसपासच्या किंमतीला भारतांत आणली. शक्ति ४७ अश्वशक्ति, वजन दोनशें किलोहून अधिक. जी ताकद पूर्वी परदेशी गाड्या घेणाऱ्या मोजक्या धनिकांपुरती होती, ती एकदम नोकरदाराच्या आटोक्यांत आली. त्या गाड्यांना आतां बरींच वर्षें होऊन गेलीं आहेत, आणि म्हणूनच आज वापरलेल्या शक्तिमान् गाड्यांचा खरा बाजार उभा राहिला आहे.

या शक्तीचा अंदाज एका साध्या हिशेबानें येतो. घरोघर दिसणाऱ्या हीरो स्प्लेंडरची ताकद सुमारें आठ अश्वशक्ति आणि वजन ११२ किलो. तीवर सत्तर किलोचा माणूस बसला तर दर शंभर किलोंना सव्वाचार ते साडेचार अश्वशक्ति येते. तोच माणूस इंटरसेप्टरवर बसला तर दर शंभर किलोंना सतरा अश्वशक्ति येते. म्हणजे जवळजवळ चौपट. दहा वर्षें स्प्लेंडर चालविलेल्या माणसाच्या मनगटाला जी संवय झालेली असते, ती या चौपट शक्तीच्या गाडीवर अपुरी पडते. वेगाचा हिशेब तर याहून कठोर आहे. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें अठ्ठावीस मीटर पुढें जाते. म्हणजे संकट दिसून हात ब्रेकवर पोंचेपर्यंतच ती चार-पांच खोल्यांची चाळ ओलांडून गेलेली असते.

या बाबतींत अमेरिकेंतील एक संशोधन फार उद्‍बोधक आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतील हॅरी हर्ट या अभ्यासकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं लॉस एंजेलिस परिसरांतील नऊशें मोटरसायकल-अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. अपघातांत सांपडलेल्या चालकांपैकीं निम्म्याहून अधिकांना ती विशिष्ट गाडी हातीं येऊन पांच महिनेही झाले नव्हते. हे लोक नवशिके होते म्हणावें तर तसेंही नव्हे; रस्त्यावर मोटरसायकल चालविण्याचा त्यांचा एकंदर अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता. अनुभव होता, परंतु त्या गाडीशीं ओळख नव्हती. दुसरा निष्कर्ष असा कीं, चालकांपैकीं ९२ टक्के लोक कोणत्याही रीतसर शिक्षणावांचून, स्वतः किंवा घरच्या व मित्रमंडळींच्या मदतीनें शिकलेले होते. आणि तिसरा असा कीं, संकट समोर येतांच बहुतेकांनीं मागचा ब्रेक जरुरीपेक्षां जास्त दाबून चाक घसरविलें आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाहीं. वास्तविक गाडी थांबविण्याची मुख्य ताकद पुढच्या ब्रेकांत असते, कारण ब्रेक लागतांच सगळा भार पुढच्या चाकावर झुकतो.

आपल्या देशांतील चित्रही गंभीर आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं दुचाकीवरील माणसें ७४,८९७, म्हणजे शंभरांत चव्वेचाळीस. तरीही मोठ्या गाडीकडे जाण्यासाठीं कायद्यानें आपल्याकडे एकही पायरी ठेवलेली नाहीं. अठरा वर्षें पुरीं झालेल्या तरुणाला गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळाला कीं शंभर सी. सी. ची गाडी आणि हजार सी. सी. ची गाडी त्याला सारख्याच मोकळ्या होतात. युरोपीय संघांतील देशांत १९ जानेवारी २०१३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अठराव्या वर्षीं मिळणारा परवाना ३५ किलोवॅटपर्यंतच्या, म्हणजे सुमारें ४७ अश्वशक्तीच्या गाड्यांपुरता असतो. त्यापुढची गाडी चालविण्यासाठीं या पायरीवर दोन वर्षें काढावीं लागतात, किंवा वयाचीं चोवीस वर्षें पुरीं करून वेगळी परीक्षा द्यावी लागते. इंटरसेप्टरची शक्ति बरोबर या मर्यादेच्या कांठावर आहे. तिकडे जी शिकाऊ पायरीची शेवटची गाडी ठरते, तीच आपल्याकडे पुष्कळांची पहिली मोठी गाडी असते. कायद्यानें पायरी दिली नाहीं म्हणजे ती घेणाऱ्यानें स्वतःच बांधावयाची.

ही शक्ति वापरावयाची कोठें, हाही प्रश्न महाराष्ट्रांतील माणसानें स्वतःला विचारला पाहिजे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकीला प्रवेश नाहीं. नागपुरापासून मुंबईच्या बाजूला आलेल्या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धि महामार्गावरही नाहीं. मुंबईंतील सागरी सेतूंवरही नाहीं. जेथें वेगाला मोकळीक आहे तेथें दुचाकीला मज्जाव आहे. आणि जेथें दुचाकी जाऊं शकते त्या चौपदरी महामार्गांवर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणें तिची कमाल मर्यादा ताशीं ८० किलोमीटर आहे. उरले ते ताम्हिणी, वरंधा, आंबा यांसारखे घाट. तेथें शक्तीपेक्षां हलकेपणा, चांगले ब्रेक आणि वळण ओळखणारी नजर यांचीच किंमत अधिक. एवढा विचार झाल्यावर पुष्कळांच्या असें ध्यानांत येतें कीं, मनांत भरलेली गाडी गरजेपेक्षां एक पायरी मोठी आहे.

आतां पैशाचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकींवरील वस्तु व सेवा कराच्या दरांत मोठा फरक झाला. ३५० सी. सी. पर्यंतच्या गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याहून मोठ्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर मिळून ३१ टक्के पडत. तो दर ४० टक्के झाला. समजा, एका गाडीची करपूर्व किंमत अडीच लाख रुपये आहे. ती ३५० सी. सी. च्या आंत बसली तर करासह २,९५,००० रुपयांना पडेल; त्यावर गेली तर ३,५०,००० रुपयांना. जुन्या दरानें हीच मोठी गाडी ३,२७,५०० रुपयांना पडली असती. शिवाय नोंदणीच्या वेळचा राज्याचा मोटारकर, पांच वर्षांचा तृतीय-पक्ष विमा (हा नव्या दुचाकींना १ सप्टेंबर २०१८ पासून एकदम घ्यावा लागतो) आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हे वेगळेच. हे सर्व पैसे पहिल्या धन्याच्या खिशांतून जातात, आणि गाडी विकतांना त्यांतील फारच थोडे परत येतात.

गाडीची किंमत वयाप्रमाणें किती उतरते याचें एक ठोकळ माप विम्याच्या व्यवहारांत रूढ आहे. विमा उतरवितांना सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. वरील साडेतीन लाखांची गाडी अडीच वर्षांची झाली कीं या मापानें ती २,४५,००० रुपयांची होते. बाजार हें माप तंतोतंत पाळीत नाहीं. मागणी असलेली गाडी याहून चढ्या भावानें विकली जाते, आणि जिचे सुटे भाग मिळणें कठीण ती याहून फार खालीं उतरते. तथापि विक्रेत्यानें सांगितलेला भाव अवाजवी आहे कीं काय हें पाहण्यास हा कांटा पुरेसा आहे. नव्या गाड्यांवरचा कर वाढला म्हणजे वापरलेल्या मोठ्या गाड्यांचे विक्रेतेही भाव ताणून धरतात, ही गोष्टही विसरतां येत नाहीं. आणि कर्ज काढून घ्यावयाची असेल तर वापरलेल्या गाडीवरील व्याजाचा दर सामान्यतः नव्या गाडीपेक्षां चढा असतो. तेव्हां किंमतींतील बचत व्याजांत जाते कीं काय हें कागदावर मांडून पाहावें.

नवी गाडी घेणाऱ्याला या जादा पैशांत काय मिळतें ? हमी मिळते. गाडीचा इतिहास कोरा असतो. पहिल्या दिवसापासून तेल, चेन, टायर यांची निगा कशी राखली हें घेणाऱ्याला स्वतःला ठाऊक असतें. जो माणूस गाडी आठ-दहा वर्षें ठेवणार आहे, त्याला पहिल्या वर्षांतील घट जाणवत नाहीं, कारण ती दहा वर्षांवर पसरते. परंतु नवी गाडी म्हणजे निर्धोक गाडी असा समज मात्र करून घेऊं नये. नवे टायर पहिले दीडेकशें किलोमीटर निसरडे असतात, ब्रेकचे पॅड डिस्कवर बसलेले नसतात, आणि इंजिनही पहिले कांहींशें किलोमीटर न ताणतां चालवावें लागतें. हा सक्तीचा संयम चालकाच्याही हिताचाच आहे.

वापरलेल्या गाडीच्या बाबतींत पहिली चाळणी तिच्या जन्मसालाची. चाक जाम होऊं न देणारी जी ब्रेकची योजना, जिला एबीएस म्हणतात, ती १२५ सी. सी. वरील दुचाकींना नव्या नमुन्यांसाठीं १ एप्रिल २०१८ पासून आणि सर्व गाड्यांसाठीं १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. हर्टच्या अहवालांतील घाबरून ब्रेक दाबणारा चालक येथें आठवावा. साध्या ब्रेकच्या गाडीवर त्याचें चाक जाम होऊन घसरतें. एबीएस असलेल्या गाडीवर चाक फिरत राहतें आणि तोल टिकतो. म्हणून पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्यानें एबीएस नसलेली स्वस्त शक्तिमान् गाडी घेऊं नये. ही योजना एकाच चाकाला आहे कीं दोन्ही चाकांना, हेंही विचारावें. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे बीएस-सहा नियम आले. त्यानंतरच्या गाड्यांचें इंधन-नियंत्रण अधिक काटेकोर आहे. पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळूं लागल्यापासून बऱ्याच जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांकडे व सीलांकडेही पाहावें लागतें.

दुसरी चाळणी प्रत्यक्ष तपासणीची. गाडी पाहावयास सकाळीं जावें आणि येण्यापूर्वीं ती सुरू करूं नये असें विक्रेत्यास आधींच सांगावें. तरीही “साहेब, गाडी गरम करूनच ठेवली आहे,” असें स्वागत झालें तर मुक्काम दुसऱ्या दिवसावर टाकावा. कारण इंजिनाचे दोष थंडपणीं बोलतात आणि गरम झाल्यावर गप्प बसतात. सुरू होतांना निळसर धूर आला तर तेल जळत आहे. काळा आला तर पेट्रोल जरुरीपेक्षां अधिक जात आहे. थंड हवेंत क्षणभर पांढरी वाफ निघाली तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. वरच्या गिअरमध्यें रेस वाढविली असतां इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढें ओढ घेत नाहीं, असें दिसलें तर क्लच झिजला आहे.

चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागें ओढून पाहावी. दांत अर्ध्याहून अधिक उघडा पडला किंवा दांतांचीं टोकें आंकड्यासारखीं वळलेलीं दिसलीं तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटें नवीं घ्यावीं लागणार. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात : २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी पांच-सहा वर्षांचें रबर कडक झालेलें असतें आणि पावसांत धरत नाहीं. पुढचें चाक उचलून हँडल हळू फिरवावें; मध्यावर अडकल्यासारखें वाटलें तर हँडलचें बेअरिंग गेलें आहे. फोर्कच्या नळीवर तेलाचें कडें दिसलें तर सील गेलें आहे. ब्रेकच्या डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. नख फिरवून कांठ हातास लागला तर झीज झाली असें समजावें आणि मोजून घ्यावें. चावी फिरवितांच एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालूं लागल्यावर विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसेल तर दोष नाहीं असें नव्हे. दोष झाकलेला असूं शकतो.

पडलेली गाडी रंगानें लपते, पण कांहीं जागा लपत नाहींत. हँडलचीं टोकें, ब्रेकच्या दांड्याचें टोंक, पायदाणाच्या बाहेरील कडा आणि इंजिनाच्या झाकणाचा फुगीर भाग येथील खरचटे पाहावेत. उभ्या जागीं आडवी झालेली गाडी निकामी नसते. जड गाडीच्या नशिबीं तें बहुधा एकदां येतेंच. परंतु हँडल फार वळूं नये म्हणून चौकटीवर ज्या लहान खुंट्या असतात त्या चेपलेल्या किंवा नव्यानें रंगविलेल्या दिसल्या तर गाडीनें समोरून जबर धडक खाल्ली असण्याचा संभव मोठा. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

आपल्याकडे आणखी एक तपासणी अगत्याची झाली आहे, ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूर-सांगली भागांत आणि जुलै २०२१ मध्यें चिपळूणांत पुराचें पाणी घरांत शिरलें, तसें असंख्य वाहनांतही शिरलें. पाण्यांत राहिलेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकतां येते. सीट काढून खालच्या कोपऱ्यांत गाळ आहे का, दिव्याच्या कांचेच्या आंत मातीची रेघ आहे का, तारांच्या जोडांवर हिरवी बुरशी चढली आहे का, आणि तेल दुधाळ झालें आहे का, हें पाहावें.

तिसरी चाळणी कागदांची. चौकटीवरील चेसिस-नंबर व इंजिन-नंबर नोंदणीच्या प्रमाणपत्राशीं, म्हणजे आर. सी. शीं, अंक न् अंक जुळले पाहिजेत. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर घातला असतां ती कोणत्या बँकेकडे गहाण आहे, विमा चालू आहे कीं नाहीं आणि दंडाचीं चलनें थकलीं आहेत काय, हें कळतें. कर्ज फिटलें असलें तरी बँकेचें पत्र व फॉर्म ३५ यांनीं आर. सी. वरील बोजा उतरवून घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. विक्रीसाठीं फॉर्म २९ व ३० लागतात. घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत आर. टी. ओ. कडे नांवबदल मागावयाचा असतो. दुसऱ्या राज्यांतील गाडीला तेथील ना-हरकत प्रमाणपत्र लागतें आणि महाराष्ट्रांत कर नव्यानें भरावा लागतो. म्हणून दिल्लीची किंवा बंगळूरची स्वस्त गाडी येथें येईपर्यंत स्वस्त राहतेच असें नाहीं.

सह्या केलेले कोरे फॉर्म ठेवून घ्या आणि नांव सावकाश बदला, असें सुचविणारे दलाल पुष्कळ भेटतात. हा मार्ग दोन्ही पक्षांना घातक आहे. अपघात झाला आणि नोंदणी जुन्याच धन्याच्या नांवावर असली, तर गाडी पूर्वींच विकली असूनही नुकसानभरपाईचा बोजा त्याच्यावर येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालच्या एका निकालांत स्पष्ट केलें आहे. घेणाऱ्यानेंही विमा आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं चवदा दिवसांच्या आंत अर्ज करावा. एरवीं स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागण्याची वेळ आली तर तो अडचणींत येतो. विमा न वापरल्याबद्दल मिळणारी हप्त्यांतील सूट जुन्या धन्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाहीं. तेव्हां पुढच्या विम्याचा हिशेब त्या सुटीवांचून करावा.

एवढें सर्व पाहिल्यावर निवड करणें तितकें अवघड राहत नाहीं. ज्यानें आजवर शंभर-सव्वाशें सी. सी. चीच गाडी चालविली आहे, त्यानें एकदम साडेसहाशें सी. सी. कडे न जातां मधल्या शक्तीची, २०१९ नंतरची, एबीएस असलेली, एकाच धन्यानें वापरलेली गाडी घ्यावी. ती एखादे वेळीं आडवी झाली तरी नव्या रंगाइतकी हळहळ वाटत नाहीं, आणि वर्षा-दोन वर्षांनीं विकतांना फारशी तूटही येत नाहीं. हीच त्याची स्वतः बांधलेली पायरी. ज्याचा हात मोठ्या गाडीवर बसला आहे आणि ज्याला यंत्राची पारख आहे किंवा पारखी मित्र आहे, त्याला दोन-तीन वर्षांची, नियमित सर्व्हिसिंगची नोंद असलेली वापरलेली गाडी पैशाच्या दृष्टीनें सर्वांत लाभदायक. आणि ज्याला अनुभव आहे पण तपासणीला वेळ नाहीं, किंवा जो एकच गाडी दहा वर्षें ठेवणार आहे, त्यानें खुशाल नवी घ्यावी. त्याचे जादा पैसे वायां जात नाहींत, ते निश्चिंतपणाचे असतात.

तिघांनाही एक नियम सारखाच लागू आहे. हातीं असलेल्या रकमेंतून आधीं आयएसआय छापाचें, तोंड पूर्ण झांकणारें हेल्मेट, जाड जॅकेट, हातमोजे व घोट्यापर्यंतचे बूट यांचे पैसे बाजूला काढावेत. मग विमा व नांवबदल यांचे. वापरलेली गाडी असेल तर टायर, चेन, ब्रेकचे पॅड आणि सर्व प्रकारचें तेल पहिल्याच आठवड्यांत नवें करण्याचे. चालविण्याचें रीतसर शिक्षण देणारा वर्ग जवळपास असेल तर त्याच्या फीचेही. जें उरेल तीच गाडीची खरी किंमत, आणि त्या रकमेंत जी बसेल तीच गाडी पाहावयास जावें. बहुतेक लोक आधीं सर्व रक्कम गाडींत घालतात आणि उरलेल्या चिल्लरींतून डोक्याचें रक्षण करूं पाहतात. हा क्रम उलटा केला पाहिजे.

गाडी घरीं आली म्हणजे पहिल्या पांच महिन्यांसाठीं शिस्त ठरवून घ्यावी. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर किंवा बंद मैदानांत, प्रथम ताशीं तीस आणि मग ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें, पुढचा ब्रेक हळूहळू आवळीत थांबण्याचा सराव रोज दहा-पंधरा वेळां करावा. त्या काळांत मागें कोणास बसवूं नये, रात्रीं घाटांत जाऊं नये आणि पाऊस लागला तर घाई करूं नये. गाडी नवी घेतली कीं वापरलेली, हा विचार पांच महिन्यांनंतर फारसा कोणाच्या मनांत राहत नाहीं. त्या पांच महिन्यांत हात तयार झाला कीं नाहीं, एवढें मात्र रस्ता प्रत्येक वळणावर विचारीत राहतो.